अभ्यंग

आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट महाराष्ट्रात तेलाच्या आणि उटण्याच्या सुवासाने उजाडते. मुंबईच्या उपनगरांतही ह्या दिवशी सूर्योदयापूर्वीच घरोघरी दिवे लागतात. घाटकोपरच्या चाळीतील दीड खोलीचे घर असो की बोरिवलीच्या उंच इमारतीतील सदनिका असो, आई पाटावर बसलेल्या मुलांच्या अंगाला कोमट तेल चोळते, त्यावर उटणे लावते आणि कढत पाण्याने त्यांना न्हाऊ घालते. ह्यालाच आपण अभ्यंगस्नान म्हणतो. वर्षाच्या इतर दिवशी मात्र लोकलगाडी गाठण्याची घाई असते; अंगाला तेल लावण्यास कोणाला सवड सापडत नाही. परंतु आयुर्वेदाच्या ग्रंथांत अभ्यंग हा केवळ सणाचा विधी म्हणून सांगितलेला नाही. दात घासणे, व्यायाम करणे, स्नान करणे ह्यांच्याच बरोबरीने तो नित्याच्या दिनचर्येत सांगितला आहे. हा अभ्यंग म्हणजे काय, त्यापासून शरीराला कोणता लाभ होतो आणि त्या लाभाची मर्यादा कोठे आहे, हे आपण ह्या पाठात पाहू.

अंगाला तेल लावून ते हलक्या हाताने चोळणे व जिरवणे ह्यास अभ्यंग म्हणतात. तेल हा शब्द ‘तिल’ म्हणजे तीळ ह्या शब्दापासून आला आहे. तिळापासून निघते ते तैल, आणि तैलाचे झाले तेल. पुढे खोबरेल, करडई, मोहरी ह्यांपासून निघणाऱ्या स्निग्ध पदार्थांनाही तेच नाव मिळाले. आयुर्वेदात तेल, तूप, वसा व मज्जा ह्या चारही स्निग्ध पदार्थांना मिळून एकच नाव आहे. ते म्हणजे ‘स्नेह’. माणसामाणसांतील मायेलाही आपल्या भाषेत हाच शब्द आहे. दोन कोरड्या वस्तू एकमेकींवर घासल्या की झीज होते; मध्ये स्नेह असला की घर्षण कमी होते. तेलाला आणि मायेला एकच शब्द का योजला असावा, हे ह्यावरून सहज ध्यानात येईल.

चरकसंहिता हा आयुर्वेदाचा फार प्राचीन ग्रंथ आहे. त्यात अभ्यंगाचे महत्त्व पटवून देण्यासाठी तीन साध्या वस्तूंचे दृष्टान्त दिले आहेत: मातीचा घडा, कातडे आणि गाडीचा आस. तेल पाजलेला घडा लवकर फुटत नाही, तेल चोळलेले कातडे मऊ राहते व तडकत नाही, आणि वंगण दिलेला आस भार सोसतो. त्याचप्रमाणे अभ्यंगाने त्वचा सुकुमार होते आणि शरीर श्रम सोसण्यास समर्थ होते, असे चरकाचे म्हणणे आहे.

चरकानंतर पुष्कळ शतकांनी वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ रचला. त्याच्या दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग नित्य करावा, आणि विशेषतः डोके, कान व तळपाय ह्यांना तेल लावावे, असे सांगितले आहे. अभ्यंगाने थकवा जातो, वाताचा जोर कमी होतो, झोप चांगली लागते आणि कांती सुधारते, असे फायदे त्याने मोजले आहेत. परंतु लगेच पुढे त्याने एक सावधगिरीची सूचनाही दिली आहे. ज्याच्या शरीरात कफ वाढलेला आहे, ज्याला अजीर्ण झाले आहे, किंवा ज्याने नुकतेच वमन-विरेचनासारखे शोधन घेतले आहे, त्याने अभ्यंग करू नये. लाभ सांगणाऱ्या ग्रंथकारानेच निषेधही सांगावा, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. औषध म्हटले की त्याला मात्रा आली, आणि मात्रा आली की मर्यादा आली.

वाग्भटाच्या ह्या ग्रंथाचा आपल्या महाराष्ट्राशी एक जवळचा संबंध आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारी तेराव्या शतकात हेमाद्री नावाचा विद्वान मंत्री होऊन गेला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी हेमाडपंती देवळे तुम्ही पाहिली असतील. राजा महादेव आणि राजा रामचंद्र ह्यांच्या काळी राज्यकारभाराचे ओझे वाहत असतानाच त्याने अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. टीका म्हणजे दोष काढणे नव्हे. मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणे. पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने अष्टांगहृदय ह्या टीकेसह छापले.

आयुर्वेदात अंगाला तेल लावण्याबरोबर इतरही अनेक बाह्य उपचार सांगितले आहेत. अंग जोर देऊन रगडणे ह्याला मर्दन म्हणतात. कोल्हापूरच्या तालमींतून मेहनत झाल्यावर पहिलवान एकमेकांचे अंग असेच रगडतात. औषधी चूर्ण अंगावर घासणे ह्याला उद्वर्तन म्हणतात. आपले दिवाळीचे उटणे हा त्याचाच घरगुती प्रकार होय. वाळा, नागरमोथा, कचोरा, चंदन अशा सुगंधी द्रव्यांचे ते चूर्ण अंगावरील जादा तेल शोषून घेते व त्वचा स्वच्छ करते. घाम आणण्यासाठी अंग शेकणे ह्याला स्वेदन म्हणतात. तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीने गुडघा शेकणे किंवा निर्गुडीच्या पाल्याची वाफ घेणे हे खेड्यापाड्यांतून चालत आलेले स्वेदनच आहे. कपाळावर तेलाची, दुधाची किंवा ताकाची मंद, अखंड धार धरतात, तिला शिरोधारा म्हणतात. केरळातील वैद्यांनी ह्या उपचारांत विशेष प्रावीण्य मिळवले आहे. वमन, विरेचन, बस्ती इत्यादी पंचकर्मांच्या आधी रोग्याला स्नेहन व स्वेदन देऊन शरीर तयार करतात. हे उपचार शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीखालीच व्हावे लागतात. मुंबईत वरळी येथे १९४१ साली स्थापन झालेल्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या रुग्णालयात ह्या शास्त्राचे शिक्षण व उपचार चालत आले आहेत.

अभ्यंगाचे तेल पुष्कळदा साधे नसून औषधी असते. ते सिद्ध करण्याची रीत मोठी नेमकी आहे. वाटलेल्या वनस्पतीचा गोळा, म्हणजे कल्क, एक भाग घ्यावा. तेल चार भाग घ्यावे. आणि काढा, दूध किंवा अन्य द्रव सोळा भाग घ्यावा. हे मिश्रण मंद विस्तवावर पाणी आटेपर्यंत शिजवावे. तेल सिद्ध झाले हे कसे ओळखावे? कल्काची बोटांत वात वळता आली पाहिजे, ती विस्तवावर टाकली असता तडतडता कामा नये, आणि तेलावर फेस आला पाहिजे. ह्या खुणांत सुंदर तर्क आहे. तडतड होणे म्हणजे कल्कात अजून पाणी उरले आहे; आणि पाणी उरले तर तेल लवकर खराब होणार. तापमापक नसलेल्या काळात डोळा, कान आणि बोटे हीच वैद्याची उपकरणे होती. रस्त्याच्या कडेला, पडीक जागी पिवळ्या फुलांचे चिकणा नावाचे झुडूप उगवते. त्यालाच संस्कृतात बला म्हणतात. त्यापासून केलेले बलातेल बाळंतिणीच्या अभ्यंगासाठी प्रसिद्ध आहे.

येथे आपण ग्रंथांकडून घराकडे वळू. महाराष्ट्रात अभ्यंगाची विद्या जशी वैद्यांनी राखली, तशीच ती घरोघरच्या स्त्रियांनीही राखली आहे. बाळ जन्मल्यावर सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालण्याची रीत आहे. ज्या घरी आजी किंवा मावशी नसते, तेथे हे काम करण्यासाठी बाई येतात. अंधेरी, मुलुंड ह्यांसारख्या उपनगरांतूनही अशा बाई सकाळपासून एका घरातून दुसऱ्या घरी जातात. त्यांतील पुष्कळजणी ही विद्या कोणत्याही शाळेत शिकलेल्या नसतात. आईच्या किंवा सासूच्या हाताखाली त्या तयार होतात. पाय लांब करून बाळाला पायांवर आडवे घेणे, तेल आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन त्याची ऊब पाहणे, छातीवरून बाहेरच्या बाजूस हात नेणे, रडणाऱ्या बाळाला बोलत बोलत शांत करणे, हे सारे कौशल्य त्यांच्या बोटांत असते. लहानग्या जिवाला किती दाब सोसेल, हे वजनकाट्यावर मोजता येत नाही. ते हातालाच कळावे लागते. अशा बाईंचे नाव कोणत्याही ग्रंथात नसते, परंतु त्यांचे काम हलके समजण्याचे कारण नाही.

मात्र परंपरेने आले म्हणून सारेच खरे, असे मानणे जसे योग्य नाही, तसेच जुने म्हणून सारे टाकाऊ, असे मानणेही योग्य नाही. खरे-खोटे ठरवण्याचा मार्ग एकच. तो म्हणजे परीक्षा. अशी परीक्षा मुंबईतच झाली आहे. जुन्या मुंबई शहराची हद्द संपून उपनगरे सुरू होतात त्या ठिकाणाला शीव म्हणतात. शीव म्हणजे वेस. तेथे महानगरपालिकेचे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. तेथील नवजात बालकांच्या विभागातील डॉक्टरांनी बाळांच्या मालिशीचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केले.

त्यांनी दोन प्रकारची बाळे निवडली. काही बाळे पूर्ण दिवसांची, अडीच किलोग्रॅमपेक्षा जास्त वजनाची होती. काही बाळे अपुऱ्या दिवसांची, केवळ दीड ते दोन किलोग्रॅम वजनाची होती. प्रत्येक प्रकारच्या बाळांचे तीन गट पाडले. कोणते बाळ कोणत्या गटात जाईल हे कोणाच्या आवडीवर सोपवले नाही. चिठ्ठी काढावी त्याप्रमाणे ते ठरवले. एका गटाला खोबरेल तेलाने मालीश केली, दुसऱ्याला खनिज तेलाने, आणि तिसऱ्या गटात कोणतेही तेल वापरले नाही. जन्माच्या दुसऱ्या दिवसापासून एकतिसाव्या दिवसापर्यंत रोज चार वेळा हा क्रम चालला. रुग्णालयात असेपर्यंत शिकवलेल्या व्यक्तीने आणि घरी गेल्यावर आईने हे काम केले. बाळांचे वजन व उंची वेळोवेळी मोजली.

निष्कर्ष काय निघाला? अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, खोबरेल तेल लावलेल्या बाळांचे वजन इतर दोन्ही गटांपेक्षा अधिक वेगाने वाढले. तेल न लावलेल्या बाळांशी तुलना करता त्यांची उंचीही अधिक वेगाने वाढली. पूर्ण दिवसांच्या बाळांतही तेल न लावलेल्या गटापेक्षा खोबरेल तेलाच्या गटाचे वजन अधिक वेगाने वाढले. परंतु बाळांच्या वागणुकीची व प्रतिसादांची जी तपासणी केली, तीत तिन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. डॉक्टरांनी अनुकूल निष्कर्ष जसा सांगितला, तसाच हाही सांगितला. आधी वाग्भटाने केले ते ह्याहून निराळे नव्हते. जे दिसले ते सांगावे आणि जे दिसले नाही तेही लपवू नये, हाच शास्त्राचा प्रामाणिकपणा होय. दीड किलोग्रॅमच्या बाळाला दर दिवसाची वजनवाढ जीवनाची लढाई जिंकण्यास साहाय्य करते. म्हणून आजीच्या हातातील तेलाच्या वाटीचा हा विजय लहान नाही.

हा परिणाम कसा होत असावा? ह्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की नवजात बाळाची त्वचा फार पातळ असते आणि तिच्यातून तेलाचा काही अंश शरीरात जातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात करडईच्या व खोबरेल तेलाने बाळांना मालीश करून त्यांच्या रक्ताची तपासणी केली. तेव्हा जे तेल लावले त्याला अनुसरून रक्तातील स्निग्धाम्लांत बदल झालेला आढळला. दुसरे उत्तर स्पर्शाचे आहे. अमेरिकेतील मायामी येथे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, रोज तीन वेळा, पंधरा पंधरा मिनिटे हळुवार चोळले. अशा बाळांचे वजन इतर बाळांच्या तुलनेने दररोज ४७ टक्के अधिक वाढले. पुढील संशोधनात असे दिसले की बेताचा दाब देऊन चोळल्याने व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे कार्य वाढते व जठराची हालचाल सुधारते. म्हणजे तेलाला गुण आहे, आणि तेल लावणाऱ्या हातालाही गुण आहे.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही मालिशीने ताणलेले स्नायू सैल होतात, कोरडी त्वचा मऊ होते आणि मनाला स्वस्थता लाभते. दिवसभर गर्दीच्या गाडीत उभे राहून आलेल्या मनुष्याला ह्या स्वस्थतेचे मोल सांगावे लागत नाही. परंतु मालीश म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे. मोडलेले हाड रगडून सांधत नाही. उलट अधिक बिघडते. ताप आला असता, जखम किंवा ताजी सूज असता अंग चोळू नये. अमुक तेलाने अमुक जुनाट रोग आठ दिवसांत नाहीसा होईल, असे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये.

बाळाच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. टाळूच्या जागी डोक्याची हाडे अजून जुळलेली नसतात. ती जागा भरून येण्यास साधारणपणे दीड वर्ष लागते. म्हणून टाळू भरणे म्हणजे तेथे तेल अलगद ठेवणे, दाबणे नव्हे. बाळाच्या नाकात किंवा कानात तेल घालू नये. नाकातील तेल फुप्फुसात उतरले तर गंभीर आजार होतो. नाक सरळ व्हावे म्हणून ते चिमटीत ओढण्याची काही घरी चाल आहे. पण नाकाचा आकार आई-बापांकडून येतो, चिमटीने तो बदलत नाही. न्हाणे झाल्यावर बाळाला धुरी देण्याची चालही आता सोडली पाहिजे, कारण धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना अपायकारक असतो. परंपरेतील धान्य ठेवावे आणि भूस पाखडून टाकावे, ते असे.

पाखडण्याची हीच दृष्टी तुम्हांला घरच्या घरीही वापरता येईल. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची रीत आपल्याकडे आहे. थोड्या वेळाने तळपाय काळसर होतो, आणि लोक म्हणतात, ‘अंगातली उष्णता बाहेर आली.’ तीच वाटी तुपाचे बोट लावून एखाद्या स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर जोराने घासून पाहा. फडक्याच्या अंगात उष्णता कोठून असणार? तरीही त्यावर काळसर छटा येते, कारण कासे म्हणजे तांबे व कथील ह्यांचा मिश्रधातू असून घासण्याने त्याचे सूक्ष्म कण सुटतात. मग पाय घासणे निरर्थक ठरले काय? मुळीच नाही. तळव्यांना पडलेल्या भेगा तुपाने मऊ होतात, दिवसभर उभे राहून शिणलेले पाय घासण्याने हलके होतात आणि वृद्धांना शांत झोप लागण्यास मदत होते. कारण चुकीचे सांगितले गेले, एवढ्यावरून लाभ खोटा ठरत नाही. आणि लाभ खरा आहे, एवढ्यावरून सांगितलेले प्रत्येक कारण खरे ठरत नाही. हा विवेक ज्याला साधला, त्याला जुन्या ज्ञानाचा खरा वारसा मिळाला.

अभ्यंगाला फार पैसा लागत नाही. वाटीभर तेल, थोडा वेळ आणि दुसऱ्याच्या शरीराला काय सोसते हे ओळखणारा हात, एवढेच त्याचे साहित्य. घरातील थकलेल्या माणसाच्या पायांना तेल लावण्याइतकी शक्ती तुमच्या हातांत आजही आहे. लावण्यापूर्वी त्यांना दुखते कोठे ते विचारा, तेलाची ऊब स्वतःच्या मनगटावर पाहा आणि दाब हळूहळू वाढवा. तेलाची मात्रा वैद्य सांगेल. मायेची मात्रा ज्याची त्याने ठरवायची असते.

स्वाध्याय

१. ‘स्नेह’ ह्या शब्दाचे दोन अर्थ कोणते? ते एकमेकांशी कसे जोडता येतात?
२. चरकाने अभ्यंगासाठी कोणते तीन दृष्टान्त दिले आहेत?
३. तेल सिद्ध झाल्याच्या खुणा सांगा. त्यांपैकी एका खुणेमागील कारण स्पष्ट करा.
४. शीव येथील अभ्यासात कोणते बाळ कोणत्या गटात जाईल हे आवडीनुसार का ठरवले नाही? विचार करून लिहा.
५. वाग्भट आणि शीव येथील डॉक्टर ह्यांच्यात कोणता समान गुण दिसतो?
६. बाळाला मालीश करताना कोणती काळजी घ्यावी?
७. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: न्हाऊमाखू घालणे, टाळू भरणे, रामबाण उपाय.
८. उपक्रम: आजी, आई किंवा शेजारच्या वयस्कर बाईंकडून तेल, उटणे व शेक ह्यांविषयी माहिती मिळवा. त्यांतील कोणत्या गोष्टी परीक्षा करून पाहता येतील, त्यांची यादी करा.